बाकूचं तेल, काराबाखचं युद्ध: पाइपलाइनच्या राजकारणावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठेही लढाई पेटली की चार दिवसांत मोबाइलवर एक नकाशा येऊन धडकतो. त्यावर एक लाल रेघ असते आणि खाली मजकूर: युद्धाचं खरं कारण ही पाइपलाइन. कधी त्यात तथ्य असतं, कधी अजिबात नसतं, पण पुष्कळदा ते अर्धंच खरं असतं. हे अर्धं नेमकं कुठलं, ते पाहायला दक्षिण कॉकेशस, म्हणजे अझरबैजान, जॉर्जिया आणि आर्मेनिया, फार उपयोगी पडतो. म्हणून खालची बरीचशी उत्तरं अझरबैजानची राजधानी बाकू इथून निघणाऱ्या तेलाभोवती फिरतात. सीरिया, अफगाणिस्तान, नॉर्ड स्ट्रीम हे नेहमीचे प्रश्न त्यानंतर घेतले आहेत.

थोडक्यात सांगा: पाइपलाइनसाठी युद्धं होतात का?

फार क्वचित. केवळ पाइपलाइनसाठी तोफा धडाडल्या, असं निखळ उदाहरण शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. युद्धामागे जमीन असते, वांशिक वैर असतं, खुर्चीची गणितं असतात. पण युद्ध सुरू झालं, किंवा व्हायच्या बेतात आलं, की बाहेरचा कोण कुणाच्या पाठीशी उभा राहणार आणि बंदुकांना पैसा कुठून येणार, हे ठरवण्यात पाइपलाइनचा वाटा मोठा असतो. शिवाय अत्याचार होत असताना कोण तोंडावर बोट ठेवून बसणार, हेही तीच ठरवते. ही शेवटची गोष्ट लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. फौजा धाडून हस्तक्षेप होतो, तसा गप्प बसूनही होतो.

टँकर आहेत, रेल्वे आहे. मग पाइपलाइनलाच एवढं वजन का?

टँकरला वाट बदलता येते. एका बंदरात भांडण झालं तर तो दुसरं बंदर गाठतो. पाइप एकदा जमिनीत पुरला की पुढची तीस-चाळीस वर्षं तिथेच. दुसऱ्याच्या शेतातून विहिरीचं पाणी आणलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: पाणी तुमचं, पाइप तुमचा, पण मधला शेतकरी रुसला की मोटर बंद. देशांच्या बाबतीत हा मधला गडी वाटेचं भाडं घेतो, हवं तेव्हा अडवणूक करतो, आणि त्याच्यावर तिसऱ्या कुणी चाल केली तर पंचाईत तुमचीही होते. म्हणून पाइप कुठून न्यायचा, हे अभियंत्यांच्या आधी परराष्ट्र खाती ठरवतात.

वायूचं प्रकरण तेलाहून नाजूक. तेल शेवटी रेल्वेच्या वाघिणीत किंवा जहाजात भरता येतं. वायू पाइपशिवाय न्यायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करावा लागतो. त्याला खास जहाजं आणि खास टर्मिनल लागतात. एकाच शेजाऱ्याच्या पाइपवर घरं गरम करणाऱ्या देशाला विक्रेता बदलणं म्हणूनच जड जातं.

बाकूचंच उदाहरण कशासाठी?

कारण तिथली तेलाची गोष्ट जुनी आहे आणि तिचे कागद उपलब्ध आहेत. १९०० च्या सुमारास जगातलं जवळजवळ निम्मं तेल एकट्या बाकूतून निघत होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तिथून काळ्या समुद्रावरच्या बातुमी बंदरापर्यंत रॉकेलची पाइपलाइन टाकली गेली. १९४२ मध्ये हिटलरच्या फौजा कॉकेशसकडे वळल्या त्या याच तेलासाठी. (जाता जाता: बाकूजवळच्या सुराखानीत 'आतेशगाह' नावाचं अग्निमंदिर आहे. हिंदुस्थानातून गेलेल्या व्यापाऱ्यांनी तिथे नागरी लिपीत शिलालेख कोरले. त्यांतल्या एकाची सुरुवात गणेशवंदनेनं होते. जमिनीतून आपोआप येणाऱ्या वायूवर जळणारी तिथली ज्योत १९६९ मध्ये विझली, कारण आसपासचा वायू उपसून संपला होता. आज पर्यटकांना दिसते ती ज्योत शहरातून पाइपनं आणलेल्या वायूवर जळते.)

सोव्हिएत संघ फुटल्यावर अझरबैजानकडे तेल भरपूर होतं, पण ते बाहेर काढायला वाट नव्हती. कॅस्पियन हा बंदिस्त समुद्र. २० सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष हैदर अलीयेव यांनी परदेशी कंपन्यांशी सुमारे ७.४ अब्ज डॉलरचा करार केला; तिकडे त्याला 'शतकाचा करार' म्हणतात. त्याआधीचं वर्षही पाहण्याजोगं आहे. जून १९९३ मध्ये अबुलफाज एल्चीबे यांचं सरकार पाश्चात्त्य कंपन्यांशी करार करण्याच्या तोंडावर होतं. तेवढ्यात गंजा शहरातून सूरत हुसेनोव या कर्नलनं बंड केलं आणि सरकार कोसळलं. रशियन फौज गंजा सोडून जाताना मागे ठेवून गेलेली शस्त्रं याच कर्नलच्या हाती लागली होती. त्यामुळे बंडामागे मॉस्को होती, असं तेव्हापासून बोललं जातं. पण एल्चीबे त्याच सुमारास काराबाखची (अझरबैजानातल्या आर्मेनियन वस्तीच्या डोंगरी प्रदेशाची) आर्मेनियनांशी चाललेली लढाईही हरत होते आणि देशातला पाठिंबा गमावून बसले होते, हेही विसरून चालत नाही.

मग तेल नेण्याची वाट कशी ठरली?

नकाशा उघडून बसा. बाकूहून खुल्या समुद्राकडे जायला दक्षिणेकडे इराण आहे. पण अमेरिकेच्या निर्बंधांमुळे तो बाद. १९९५ मध्ये इराणला या तेलक्षेत्रात छोटासा वाटा द्यायचं घाटत होतं, तेही अमेरिकेच्या दबावामुळे बारगळलं. तुर्कीकडे जाणारी जवळची वाट आर्मेनियातून. पण काराबाखच्या युद्धामुळे ती बंद. उत्तरेकडे रशियाच्या नोवोरोसिस्क बंदरापर्यंत जुनी पाइपलाइन होती. पण तिच्यावरच विसंबायचं तर मॉस्कोच्या दावणीला बांधून घेणं आलं. उरला जॉर्जिया.

म्हणून बाकू–तिबिलिसी–जेहान ही पाइपलाइन वर जॉर्जियात शिरते आणि तिथून वळून तुर्कीच्या भूमध्य किनाऱ्यावर उतरते. लांबी १,७६८ किलोमीटर: अझरबैजानात ४४३, जॉर्जियात २४९, तुर्कीत १,०७६. वाटेत ती २,८०० मीटरहून जास्त उंची गाठते. २००५ मध्ये बाकूत तेल सोडलं, ते जेहानला पोहोचलं २००६ च्या मे महिन्यात. निव्वळ पैशाच्या हिशेबानं कुणी ही वाट निवडली नसती.

अमेरिकेनं यात नेमकं काय केलं?

फौज पाठवली नाही. बाकी बरंच काही केलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी अलीयेव यांना स्वतः फोन केला. सुरुवातीचं तेल रशियाच्या एकाच वाटेनं न जाता जॉर्जियामार्गेही जावं, हा त्यामागचा आग्रह. तसंच ठरलं, आणि १९९९ मध्ये जॉर्जियाच्या सुप्सा बंदरापर्यंतची पाइपलाइन सुरू झाली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला इस्तंबूलच्या शिखर परिषदेत जेहानच्या मोठ्या पाइपलाइनच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा क्लिंटन तिथे हजर होते.

कायद्याचं उदाहरण तर याहून बोलकं. १९९२ मध्ये अमेरिकी संसदेनं, आर्मेनियन वंशाच्या मतदारांच्या दबावाखाली, अझरबैजान सरकारला मदत देण्यावर बंदी घातली. 'कलम ९०७' म्हणून ती ओळखली जाते. तेल कंपन्या ती उठवण्याच्या खटपटीत होत्याच. ११ सप्टेंबर २००१ नंतर अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी अझरबैजानचं आकाश हवं झालं, आणि जानेवारी २००२ पासून ती बंदी दर वर्षी स्थगित होऊ लागली. जॉर्जियाच्या सैनिकांना प्रशिक्षण देण्याचा अमेरिकी कार्यक्रमही २००२ चाच. जाहीर कारण होतं जॉर्जियातल्याच पांकिसी खोऱ्यातले दहशतवादी. त्याच सैन्याला पुढे पाइपलाइनही राखायची होती, ही गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक होती.

चेचन्याचं युद्ध तेलासाठी होतं का?

मुख्यतः नाही. रशियाचाच एक प्रांत असलेल्या चेचन्यानं स्वतंत्र होण्याचा घाट घातला होता आणि मॉस्कोला ते पटणारं नव्हतं. पण बाकू–नोवोरोसिस्क पाइपलाइन चेचन्यातूनच जात होती, आणि 'शतकाच्या करारा'नंतर तीन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९९४ मध्ये, रशियन फौजा तिथे शिरल्या. तेल हे कारण असतंच, तर दुसऱ्या युद्धाच्या काळात रशियानं जे केलं ते करायची गरज पडली नसती: २००० मध्ये त्यांनी चेचन्याला वळसा घालून दागेस्तानातून नवा पाइप टाकला. त्यासाठी ग्रोझ्नी या चेचन राजधानीवर बाँब टाकावे लागत नाहीत.

२००८ मध्ये रशियानं जॉर्जियावर हल्ला केला तो पाइपलाइनसाठीच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्या आठवड्याच्या तारखा नीट लावल्या की बरंचसं उत्तर मिळतं.

५ ऑगस्टच्या रात्री तुर्कीतल्या एर्झिंजान प्रांतात, रेफाहिये गावाजवळ, पाइपलाइनच्या एका व्हॉल्व्हच्या जागी स्फोट झाला. आग काही दिवस धुमसत राहिली आणि तेल थांबलं. पीकेके या कुर्दी संघटनेनं जबाबदारी घेतली. (हे संगणकीय हल्ल्याचं काम असल्याच्या बातम्या सहा वर्षांनी आल्या, त्या पुढे खोडूनही काढल्या गेल्या.) जॉर्जिया आणि रशियाची लढाई सुरू झाली ७ ऑगस्टच्या रात्री. म्हणजे पहिला तोफगोळा पडला तेव्हा मोठी पाइपलाइन आधीच बंद होती, आणि ती बंद पडली होती रणभूमीपासून शेकडो किलोमीटर दूर.

लढाईत रशियन विमानांनी पाइपलाइनच्या आसपास बाँब टाकल्याचं जॉर्जियानं सांगितलं. पाइपला इजा झाली नाही, असं ती चालवणाऱ्या बीपी कंपनीनं कळवलं. रशियन रणगाडे जॉर्जियातल्या गोरी शहरापर्यंत पोहोचले होते. पाइपलाइन तोडायचीच असती तर त्यांना कुणी अडवणार नव्हतं. कंपनीनं खबरदारी म्हणून सुप्साची लाइन १२ ऑगस्टला बंद केली. १६ ऑगस्टला कास्पीजवळचा रेल्वे पूल उडवला गेला आणि बातुमीकडे वाघिणींतून जाणारं तेलही अडकलं. तेलाच्या तिन्ही वाटा एकदम ठप्प. अझरबैजाननं काही तेल मुकाट्यानं रशियाच्या नोवोरोसिस्ककडे वळवलं.

युद्धाची मुळं वेगळी होती: जॉर्जियापासून फुटलेल्या दक्षिण ओसेतिया या प्रदेशाचा जुना वाद, एप्रिल २००८ च्या बुखारेस्ट परिषदेत नाटोनं जॉर्जियाला पुढेमागे सदस्य करण्याचं दिलेलं वचन, त्याआधी फेब्रुवारीत कोसोवोनं घोषित केलेलं स्वातंत्र्य. युरोपीय संघानं नेमलेल्या चौकशी पथकानं २००९ मध्ये नोंदवलं की दक्षिण ओसेतियाची राजधानी त्स्खिनवालीवर मारा सुरू केला जॉर्जियानं, आणि रशियाचं प्रत्युत्तर मर्यादेच्या पलीकडे गेलं. तेल हा या युद्धाचा हेतू नव्हता. पण युद्धाचा एक निरोप तेलवाल्यांच्या नावानं होता: ही वाट आम्ही हवी तेव्हा बंद पाडू शकतो, पाइपला हातही न लावता.

आणि ज्या पाइपलाइनच्या भरवशावर जॉर्जिया स्वतःला पश्चिमेचा लाडका समजत होता, तिच्यासाठी नाटोचा एकही सैनिक आला नाही. अमेरिकेची मदतसामग्री आणणारी युद्धनौका बातुमीला लागली, उपाध्यक्ष डिक चेनी सप्टेंबरमध्ये बाकू आणि तिबिलिसीला भेट देऊन गेले, आणि तिथेच थांबलं.

त्यानंतर पाइपलाइन सुरक्षित राहिली का?

एक छोटी गोष्ट सांगतो, मोठ्या बातम्यांत ती हरवते. जुलै २०१५ मध्ये ओरचोसानी आणि त्सितेलुबानी या गावांजवळ रशियन सीमारक्षकांनी दक्षिण ओसेतियाच्या 'सीमे'ची हिरवी पाटी उचलून पुढे, जॉर्जियाच्या बाजूला रोवली. गोळी झाडली नाही, कुणी मेलं नाही. पण सुप्सा पाइपलाइनचा सुमारे १.६ किलोमीटरचा तुकडा पाटीच्या पलीकडे गेला. शेतकरी उभे राहून बघत होते. त्यांचीही जमीन गेली.

काराबाखच्या युद्धात पाइपलाइनचा हात किती?

पहिल्या युद्धात, म्हणजे १९९४ च्या शस्त्रसंधीपर्यंत, फार कमी. २०२० च्या दुसऱ्या युद्धात मात्र पुष्कळ. फक्त तो हात पैशाचा होता.

पाइपलाइन सुरू झाल्यावर अझरबैजानच्या तिजोरीत डॉलर यायला लागले. काही वर्षांत त्याचा संरक्षण खर्च आर्मेनियाच्या संपूर्ण सरकारी खर्चाहून जास्त झाला. तसं करणार हे हैदर यांचे चिरंजीव, राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलीयेव यांनी आधीच बोलून दाखवलं होतं. पैशाच्या जोडीला गिऱ्हाइकांची साखळीही तयार झाली. जेहानला उतरणाऱ्या तेलाचं इस्रायल हे मोठं गिऱ्हाईक, आणि स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१६ ते २०२० या काळात अझरबैजाननं आयात केलेल्या मोठ्या शस्त्रांपैकी ६९ टक्के इस्रायलकडून आली. तुर्कीला पाइपलाइनचं भाडं मिळतं, वायू मिळतो; त्यानं ड्रोन दिले. २७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० या ४४ दिवसांत आर्मेनियाचे रणगाडे आकाशातून टिपले गेले. आर्मेनियाकडे ना तेल होतं, ना वाटेचं भाडं. सगळ्या पाइपलाइन त्याला टाळून गेल्या होत्या, आणि ज्या रशियावर त्याची भिस्त होती तो मधे पडला तो थेट शस्त्रसंधीच्या वेळी.

लढाईदरम्यान ६ ऑक्टोबरला येवलाखजवळ पाइपलाइनवर क्षेपणास्त्र डागल्याचा आरोप बाकूनं केला, येरेवाननं, म्हणजे आर्मेनियानं, नाकारला. त्याआधी जुलैमध्ये आर्मेनियाच्या सीमेवरच्या तोवूझजवळ चकमक झाली होती, आणि तेलाची, वायूची पाइपलाइन आणि रेल्वे या तिन्ही तिथूनच जातात. पण मोठ्या पाइपलाइनला या युद्धात कुणी खरोखर तोडलं नाही. तोडली गेली ती छोटी, काराबाखमधल्या आर्मेनियन वस्तीला आर्मेनियाहून वायू पुरवणारी. तिचा काही भाग २०२० नंतर अझरबैजानच्या ताब्यातल्या जमिनीतून जात होता. मार्च २०२२ मध्ये, बर्फ असताना, ती बंद पडली, दुरुस्त झाली, आणि काही दिवसांत पुन्हा बंद झाली. स्टेपानाकेर्ट या काराबाखच्या मुख्य शहरात लोक लाकडं जाळून ऊब घेत होते.

युरोप गप्प का राहिला?

१८ जुलै २०२२ रोजी युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन बाकूला गेल्या. रशियाचा वायू कमी करायचा होता, म्हणून अझरबैजानकडून येणारा वायू २०२७ पर्यंत दुप्पट, म्हणजे वर्षाला किमान २० अब्ज घनमीटर करण्याचा करार झाला. दोन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, अझरबैजाननं थेट आर्मेनियाच्या हद्दीत मारा केला. डिसेंबरपासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारी लाचिनची वाट अडवली गेली. १९ सप्टेंबर २०२३ ला एका दिवसाच्या कारवाईत काराबाख पडलं आणि १ लाखाहून जास्त आर्मेनियन घरदार सोडून निघाले. युरोपीय संसदेनं निर्बंधांची मागणी करणारा ठराव केला. सदस्य देशांनी निर्बंध लावले नाहीत.

युक्रेनच्या बाबतीत याच युरोपनं निर्बंधांची एकामागून एक पॅकेजेस काढली. मधला फरक निव्वळ वायूचा होता असं मी म्हणणार नाही. काराबाख आंतरराष्ट्रीय कायद्यानं अझरबैजानचाच भाग होता, ही अडचण खरी होती. पण आर्मेनियाच्या निर्विवाद भूमीवर मारा झाला तेव्हा ती सबब लागू नव्हती. तेव्हाही फक्त चिंता व्यक्त झाली.

पाइपलाइनमुळे शांतता नांदते, असंही म्हणतात. ते खरं का?

कधी कधी, आणि विचित्र रीतीनं. सौदी अरेबियातून जॉर्डन, सीरियामार्गे लेबनॉनच्या किनाऱ्यापर्यंत तेल नेणारी 'टॅपलाइन' घ्या. सीरियाची संसद तिला मंजुरी देत नव्हती. ३० मार्च १९४९ ला कर्नल हुस्नी अल-झईमनं बंड केलं आणि काही आठवड्यांत मंजुरी मिळाली. अमेरिकी हेरखात्याच्या माणसांचा त्याच्याशी आधीपासून संपर्क होता. बंड त्यांनी घडवलं की नुसतं पाहिलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पुढे १९६७ मध्ये इस्रायलनं गोलान टेकड्या घेतल्या आणि पाइपलाइनचा तुकडा त्यांच्या ताब्यात गेला. त्यानंतरही तिच्यातून सौदीचं तेल वाहत राहिलं! व्यासपीठावर एकमेकांना शिव्या देणाऱ्या राजधान्यांना जमिनीखालची ही व्यवस्था पुढची काही वर्षं चालली.

आपल्याकडे इराण–पाकिस्तान–भारत पाइपलाइनला 'शांततेची पाइपलाइन' म्हणायची पद्धत होती. मणिशंकर अय्यर पेट्रोलियम मंत्री असताना तिचा बराच गाजावाजा झाला. पुढे अमेरिकेबरोबरचा अणुकरार, किमतीची घासाघीस आणि मुंबईवरचा हल्ला, या सगळ्यांत ती मागे पडली. शांतता आधी लागते, पाइप नंतर.

सीरियाचं युद्ध कतारच्या पाइपलाइनमुळे झालं का?

हा दावा लोकप्रिय आहे, पण तारखांपुढे टिकत नाही. म्हणणं असं: कतारला सीरियामार्गे युरोपला वायू न्यायचा होता, सीरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष असद यांनी २००९ मध्ये नकार दिला, म्हणून युद्ध लादलं गेलं. पण ती पाइपलाइन कतारहून निघाली की पहिला अडथळा सौदी अरेबियाचा, आणि तेव्हा सौदी-कतार संबंध काही गोडीगुलाबीचे नव्हते. शिवाय कतारनं २०१० पर्यंत जहाजांनी वर्षाला ७.७ कोटी टन द्रव वायू पाठवण्याची क्षमता उभी केली होती. जो जास्त दाम देईल त्याला विकता येत असताना पाइपला बांधून घेण्याची घाई त्याला नव्हती. इराण–इराक–सीरिया पाइपलाइनचा समजुतीचा करार झाला जुलै २०११ मध्ये, आणि सीरियातल्या दरआ शहरातली निदर्शनं, जिथून उठाव सुरू झाला, त्याच्या चार महिने आधीची. बाहेरच्या देशांनी या युद्धात तेल ओतलं हे खरंच; पण ठिणगी दरआतल्या पोरांच्या पोलिसांनी केलेल्या छळाची होती.

आणि अफगाणिस्तान?

तुर्कमेनिस्तानचा वायू अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे पंजाबातल्या फाजिल्कापर्यंत आणायची 'तापी' पाइपलाइन १,८१४ किलोमीटरची. युनोकाल ही अमेरिकी कंपनी नव्वदच्या दशकात तिच्या मागे होती. डिसेंबर १९९७ मध्ये तालिबानचं शिष्टमंडळ टेक्सासला कंपनीचे पाहुणे म्हणून गेलं होतं. ऑगस्ट १९९८ मध्ये तालिबानच्या आसऱ्याला असलेल्या अल-कायदानं आफ्रिकेतल्या अमेरिकी वकिलातींवर हल्ले केले आणि वर्षअखेर कंपनीनं अंग काढून घेतलं. अमेरिकेनं २००१ मध्ये पाइपलाइनसाठी आक्रमण केलं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं: वीस वर्षं फौज होती, वायू कुठे आहे? अफगाण हद्दीत पाइप टाकायचं काम प्रत्यक्ष सुरू झाल्याची घोषणा झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, तालिबानच्या राज्यात.

नॉर्ड स्ट्रीम कुणी उडवली?

२६ सप्टेंबर २०२२ ला बाल्टिक समुद्रात, बोर्नहोम बेटाजवळ स्फोट झाले. स्वीडन आणि डेन्मार्कनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपापले तपास बंद केले. जर्मनीचा तपास युक्रेनी संशयितांकडे वळला आणि २०२५ मध्ये अटकाही झाल्या. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत छातीठोकपणे नाव घेण्यात अर्थ नाही. नॉर्ड स्ट्रीमचं खरं राजकारण स्फोटाच्या आधीचं आहे. रशियाचा वायू जोवर युक्रेनमधून युरोपला जात होता, तोवर युक्रेनला भाडं मिळत होतं आणि युक्रेनचं बरंवाईट ही युरोपची डोकेदुखी होती. समुद्रातून थेट जर्मनीला जाणारा पाइप म्हणजे त्या मधल्या शेतकऱ्याला वगळणं. युक्रेननं तेव्हाच आरडाओरडा केला होता.

तरीही गंमत पाहा: २०२२ ते २०२४ अशी जवळपास तीन वर्षं दोन्ही देश एकमेकांची शहरं आणि छावण्या भाजत होते, आणि रशियाचा वायू युक्रेनच्या पोटातून युरोपला जात होता. तो थांबला १ जानेवारी २०२५ ला, करार संपल्यावर.

पाइपलाइन राखायला परक्या देशाचं सैन्य उघडपणे आल्याचं उदाहरण आहे?

आहे: कोलंबिया. कान्यो लिमोन–कोवेन्यास पाइपलाइनवर गनिमांनी २००१ या एका वर्षात सुमारे १७० हल्ले केले. तिच्यात ऑक्सिडेंटल या अमेरिकी कंपनीचे हितसंबंध होते. अमेरिकेनं कोट्यवधी डॉलर मंजूर केले आणि तिच्या विशेष दलांचे प्रशिक्षक आराउका प्रांतात येऊन कोलंबियन पलटणींना पाइपलाइन कशी राखायची ते शिकवू लागले. इथे कुठला गुप्त कट नव्हता; अंदाजपत्रकात तशी तरतूदच होती.

पाइप ज्यांच्या गावातून जातो त्यांना काय मिळतं?

एकदाची नुकसानभरपाई आणि कायमची बंधनं. पाइपच्या डोक्यावर घर बांधायचं नाही, खोल मुळांची झाडं लावायची नाहीत. जॉर्जियात बोरजोमीच्या प्रसिद्ध खनिज झऱ्यांजवळून जेहानची लाइन नेण्यावरून २००४ मध्ये काम काही दिवस थांबवावं लागलं. तुर्कीच्या ईशान्य भागात गावकऱ्यांना सुरक्षा दलांकडून धमकावलं जातं, अशा तक्रारी होत्या; त्यांची नीट दखल न घेतल्याबद्दल ब्रिटनच्या सरकारी तक्रार यंत्रणेनं २०११ मध्ये बीपी कंपनीवर ठपका ठेवला. राष्ट्र म्हणून जॉर्जियाला मात्र फायदा झाला: वाटेचं भाडं म्हणून शेजारून जाणाऱ्या वायूच्या पाइपलाइनमधला ५ टक्के हिस्सा मिळतो. जानेवारी २००६ च्या कडाक्यात रशियातून येणारी वायूची लाइन स्फोटांनी तुटली आणि तिबिलिसी गारठली होती. त्यानंतर हा हिस्सा किती मोलाचा, ते तिथल्या लोकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

भारताचा, महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

दिसतो त्याहून बराच. ओएनजीसी विदेश या सरकारी कंपनीनं २०१३ मध्ये अझरबैजानच्या तेलक्षेत्रात हिस्सा घेतला आणि त्याबरोबर बाकू–तिबिलिसी–जेहान पाइपलाइनमध्येही २.३६ टक्के. पुढे त्यात आणखी भर घातली. दुसरीकडे २०२२ पासून भारत आर्मेनियाला शस्त्रं विकतो, आणि त्यांत 'पिनाक' ही रॉकेट प्रणाली आहे. तिची रचना पुण्याच्या पाषाणमधल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनं केली. रॉकेटं नागपूर परिसरात बनतात. म्हणजे पाइपलाइनचा नफाही आपल्याला आणि तिनं टाळलेल्या देशाचा शस्त्रव्यवहारही आपल्याला. पाकिस्तान आणि तुर्की अझरबैजानच्या बाजूनं असल्यामुळे दिल्लीला हे जमवून घ्यावं लागतं. नैतिकतेची प्रवचनं इतरांना देताना हे लक्षात असलेलं बरं.

सुदानमध्येही हात पोळले आहेत. ओएनजीसी विदेशचा तिथल्या तेलक्षेत्रात हिस्सा होता आणि खार्तूमपासून पोर्ट सुदानपर्यंत ७४१ किलोमीटरची पाइपलाइन भारतीय कंपन्यांनी बांधून दिली. २०११ मध्ये देश फुटला: बरंचसं तेल दक्षिणेत, पाइप उत्तरेत. भाड्यावरून इतकं फाटलं की जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण सुदाननं स्वतःचं उत्पादनच बंद केलं. २०२३ पासूनच्या यादवीत तर वेगळंच संकट आलं. तिथलं एक तेल मेणचट असतं, ते वाटेत गरम ठेवावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये युद्धक्षेत्रातल्या पंपिंग स्टेशनांना डिझेल पोहोचेना आणि तेल पाइपमध्येच थिजलं. जवळपास वर्षभर ती लाइन बंद होती.

घरगुती परिणाम पाहायचा तर २०२२ घ्या. गेल या भारताच्या सरकारी वायू कंपनीचा रशियाच्या गॅझप्रॉमबरोबर वीस वर्षांचा द्रव वायूचा करार होता, पण पुरवठा होत होता तो गॅझप्रॉमच्या जर्मनीतल्या उपकंपनीच्या गटातून. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीनं ती कंपनी ताब्यात घेतली आणि जहाजं यायची थांबली. गेलला खत कारखान्यांचा आणि उद्योगांचा वायू कापावा लागला. हे प्रकरण जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरच्या तडजोडीनं मिटलं.

'खरं कारण पाइपलाइन' असा संदेश आला तर तो तपासायचा कसा?

आधी तारखा लावा. करार, नकार, स्फोट आणि पहिली गोळी यांचा क्रम जुळत नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही. मग पाहा, नकाशावरची रेघ प्रत्यक्षात पुरलेला पाइप आहे की नुसता प्रस्ताव. प्रस्ताव शेकड्यांनी असतात. त्यानंतर विचारा, युद्धानंतर तेल किंवा वायू खरोखर त्या वाटेनं गेला का. एवढ्या चाळणीतून अफगाणिस्तान आणि सीरियाचे दावे खाली पडतात. काराबाखचा उरतो, पण 'पाइपलाइनसाठी युद्ध' म्हणून नाही, 'पाइपलाइनच्या पैशावर युद्ध' म्हणून.

सध्या लक्ष कुठे ठेवायचं?

आर्मेनियाच्या दक्षिण टोकाला, स्युनिक प्रांतात. ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये इल्हाम अलीयेव आणि आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिनयान यांनी ट्रम्प यांच्या साक्षीनं शांततेच्या मसुद्याला मान्यता दिली. त्यात मेघरीजवळून, इराणच्या सीमेला खेटून, अझरबैजानला त्याच्या तुटक पडलेल्या नखिचेवान प्रांताशी जोडणारी वाट ठरली. तिला ट्रम्प यांचंच नाव दिलं आहे, विकासाचे हक्क अमेरिकेकडे आहेत, आणि रेल्वेबरोबर तिथून तेल-वायूच्या पाइपलाइनही नेण्याचा विचार आहे. त्याच दिवशी ट्रम्प यांनी 'कलम ९०७' पुन्हा स्थगित केलं. तेहरानहून विरोधाचे सूर लगेच आले. तीस वर्षं ज्या देशाला टाळून पाइप वळवले गेले, त्याच्या जमिनीतून पहिला पाइप गेला तर भाडं कोण घेणार आणि पहारा कुणाचा, याच्या वाटाघाटी त्यानंतर सुरू झाल्या.